इंगोल्यांना कुलूप कळायचं

नामदेवराव इंगोल्यांची मला भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकतो. माणूस तसा देवमाणूस. कधी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी अकोल्याच्या तारघरात त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी जी आठ वर्षं काढली, त्यातली पहिली दोन सोडली तर बाकीची जीव मुठीत धरून काढली. ज्याच्यापासून काही लपत नाही अशा माणसाशेजारी बसून डबा खाणंसुद्धा सोपं नसतं.

मी अमरावतीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडिलांनी माझ्या हातात पळी-पंचपात्र द्यायच्या आत मी तारखात्याची परीक्षा देऊन मोकळा झालो. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि अकोला म्हणजे कापूस, एवढंच मला ठाऊक होतं. ऐन हंगामात हजर झालो. बाजारात गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाचे तंतू उडताहेत, आणि तारघरात मुंबईच्या अडत्यांच्या तारा धो धो कोसळताहेत. या तारा साध्या नसायच्या. प्रत्येक व्यापाऱ्याची आपली गुपित लिपी. इंग्रजी अक्षरं, पाच-पाचांचे गट, अर्थ शून्य. यंत्र कट्ट-कडकट्ट करी आणि आम्ही ते निरर्थक गट निमूटपणे कागदावर उतरवत बसू.

पहिल्याच दिवशी मी तारेवर चहा सांडला, आणि सांडला तोही नेमका पत्त्यावर. शाई पसरली, नाव गेलं, खाली फक्त गट उरले. भलत्या शेठच्या गादीवर तार गेली तर नोकरी पहिल्याच दिवशी संपणार. मी घामाघूम होऊन बसलो होतो, तेवढ्यात शेजारून एक काळा, बुटका, डोक्याला ओलं फडकं गुंडाळलेला माणूस वाकला. तारेकडे त्यानं एकदाच पाहिलं.

"घाबरू नका, पंत. झुंबरलाल शेठची हाये."

"कशावरून?"

"कुलूप त्याचं हाये."

तार झुंबरलाल शेठकडे गेली आणि त्यांचीच निघाली. मी त्या दिवसापासून 'पंत' झालो, तो कायमचा.

इंगोले चांदूर बाजारकडचे. घरची काळी जमीन, भाऊ कसत होते. हा एकटा शिकला आणि तारेला चिकटला. यंत्र ऐकताना डोळे मिटून बसायचे. मोसंबी सालावरून, माणूस चपलेच्या आवाजावरून आणि तार पहिल्या पाच गटांवरून ओळखायचे. मला त्यांनी ती विद्या एका रविवारी कापूस बाजाराच्या कठड्यावर बसून सांगितली. जुन्या फॉर्मच्या पाठीवर त्यांनी पंचवीस घरांची चौकट आखली, पाच आडवी, पाच उभी.

"हे पाहा. मजकूर आडवा लिहाचा आन् उभा उचलाचा. कोनती उभी ओळ पयले, कोनती मांगून, थो क्रम म्हंजे किल्ली. थोच क्रम मुंबईच्या अडत्यापाशी. लावाले बी तेच किल्ली, काढाले बी तेच."

"मग ती कुणाची, हे तुम्हाला कसं कळतं?"

इंगोले हसले. "हे सारे लोक श्री काढल्याबिगर कागदाले पेन लावत नाईत."

झालं, एवढंच होतं. व्यापारी माणूस. दुकानाच्या पाटीवर श्री, वहीच्या पानावर श्री, तसा गुपित तारेच्या डोक्यावरही श्री. इंग्रजीत त्याची एस, एच, आर, आय अशी चार अक्षरं होतात. ती चौकटीच्या वरच्या ओळीत पडली, की पहिल्या पाचांपैकी चार गट त्याच अक्षरांनी सुरू होणार. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, एवढं पाहिलं की क्रम हातात. झुंबरलाल शेठचा 'आर' पहिला, मग 'एस'. वल्लभजींचा 'एच' पहिला. दरसाल लक्ष्मीपूजनाला नव्या वहीबरोबर नवी किल्ली पुजायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी श्री लिहून ती चव्हाट्यावर ठेवायची! मी भिक्षुकाचा मुलगा, धोब्याच्या यादीवरही श्री लिहिणारा. आठ दिवस माझा हात कार्डावर श्री काढायला धजावला नाही.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या तारा वाचता?" मी विचारलं.

ते दुखावले. खरोखर दुखावले. "वळखतो, पंत. वाचत नाई. कोनाच्या दाराले कोनतं कुलूप हाये हे रस्त्यावरून बी दिसते. दार उघडून आत गेलं, त थे चोरी. आपुन शपथ घेतली हाये."

ही रेघ त्यांनी आखली होती आणि त्या रेघेवर त्यांची सारी अब्रू उभी होती. मला तेव्हाही ती रेघ फार बारीक वाटली. क्रम कळल्यावर वाचायचं शिल्लक राहतंच किती? पण थोरामोठ्यांच्या अब्रूच्या आड आपण येऊ नये.

या माणसात एकच खोट होती. 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत. कुणीही कुठलीही तार पुढे धरावी आणि त्यांनी कुलूप सांगावं. एका दिवाळीनंतर वल्लभजी शेठ मुद्दाम स्वतः आले. या वेळची किल्ली अशी काही केली आहे, की ब्रह्मदेवाच्या बापाला कळणार नाही, असं चारचौघांत म्हणाले. इंगोल्यांनी फॉर्म हातात घेतला आणि परत दिला.

"शेठजी, किल्ली नवी नाई. जुनीच उलटी धरली तुमी."

लोक हसले. वल्लभजीही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. त्या दिवसापासून तारघराची हवा पालटली. खिडकीशी रेंगाळून गप्पा छाटणारे दिवाणजी फॉर्म सरकवून पाठ फिरवू लागले. आमचे साहेब एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "इंगोले, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे जाहीर ओळखणं बंद करा." इंगोल्यांना कळेचना. "साहेब, मी काय सांगतलं? किल्ली जुनी हाये, इतलंच त सांगतलं." ते त्यांच्या जागी अगदी सरळ होते, आणि मला वाटतं, पुढचा सगळा घात त्या सरळपणानंच केला.

त्यांच्याशी पूर्वीसारखाच वागणारा एकच माणूस उरला. तो म्हणजे केशवराव, झुंबरलाल शेठचा मुनीम. किडकिडीत, सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा. रोज अकराच्या ठोक्याला शेठच्या तारा घेऊन यायचा आणि काम झालं की दहा मिनिटं इंगोल्यांशेजारी बाकावर बसायचा. दोघं पावसापाण्याचं बोलत. केशवरावांना तीन मुली. थोरली सुमन मुंबईला मामाकडे शिवणकाम शिकायला गेली आहे, असं ते एकदा आपणहून म्हणाले आणि लगेच गप्प झाले. इंगोल्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारायची त्यांना सवयच नव्हती, न विचारता सगळं कळायचं ना!

त्या हंगामात झुंबरलाल शेठचे बेत फुटू लागले. शेठनं सकाळी चाल करावी, तर दुसऱ्या कुणीतरी ती आदल्याच दिवशी केलेली असे. गादीवर कोणी फितूर आहे, अशी कुजबूज बाजारात सुरू झाली. शेठ तापट. घरी-दारी एकेकाला फैलावर घेत होते, आणि त्यांच्या जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, धिप्पाड माणसं विनाकारण बाजारात हिंडताना दिसू लागली.

अशात एका गुरुवारी एक हमाल तार घेऊन आला. पाठवणाऱ्याचं नाव भलतंच, पत्ता मुंबईच्या कुठल्याशा चाळीतला. एकच चौकट, पाच गट. इंगोल्यांनी ती घेतली आणि खो खो हसायला लागले.

"पंत, पाहा! अक्षर केशवरावचं, कुलूप शेठचं. मुनीमजीनं मालकाचं कुलूप घरच्या दाराले लावलं!"

मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं, की मीही हसलो. डाकेची थैली घेऊन उभा असलेला शिपाई हसला, खिडकीबाहेरचे दोघंतिघं हसले. त्यानंतरच्या दोन्ही गुरुवारी तशीच तार आली. तेव्हा इंगोले बोलले नाहीत, पण तोवर बोलणं बाजारात पोचलं होतं.

चौथ्या गुरुवारी भर दुपारी झुंबरलाल शेठ स्वतः तारघराची पायरी चढले. एरवी त्यांचं पागोटंही कुणी इथे पाहिलं नव्हतं. सगळी यंत्रं चालू असूनही खोली गप्प झाल्यासारखी वाटली. ते इंगोल्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मास्तरजी, तारेत काय लिहिलं ते मी विचारत नाही. तुमची शपथ आहे, मला ठाऊक आहे. एवढंच सांगा, माझं कुलूप दुसऱ्याच्या नावानं इथून जातं काय?"

इंगोल्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"मले माईत नाई, शेठजी."

शेठ पुढे वाकले. "तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी हळूच विचारलं, आणि पुन्हा हात जोडले. "बस. झालं माझं काम."

ते पायऱ्या उतरत होते तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या नकारातच त्यांना उत्तर मिळालं होतं. इंगोल्यांना कळायला आणखी क्षणभर लागला. मग ते असे उठले की खुर्ची मागे पडली. दारापर्यंत धावले, "शेठजी!" म्हणून ओरडले, पण टांगा निघाला होता. आणि टांगा थांबला असता तरी सांगणार काय होते? डोक्यावरचं ओलं फडकं तसंच ठेवून ते सायकलवर बसले आणि गादीकडे गेले. तासाभरानं परत आले.

"शेठ मुनीमजीले घेऊन जिनावर गेले म्हनते," एवढंच बोलले आणि यंत्रापुढे बसले. त्या दुपारी त्यांनी उतरवलेल्या तीन तारा मला पुन्हा मागवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. केशवराव आले नाहीत. साडेअकराला एक नवाच लठ्ठ गृहस्थ शेठच्या तारा घेऊन आला. इंगोल्यांनी वरचा फॉर्म पाहिला आणि उलटा ठेवला. किल्ली बदलली होती. दुपारी बातमी आली, की केशवराव जिनाच्या विहिरीत सापडले.

पोलिसांनी पाय घसरला असं लिहून घेतलं. कुणी म्हणालं, चोरी पकडल्यावर तोंड कसं दाखवणार, उडी मारली. कुणी आणखी काही म्हणालं आणि आजूबाजूला बघून थांबलं. मला यातलं खरं काय ते आजतागायत माहीत नाही. अंत्ययात्रेला माणसं मोजकीच. शेठच्या धाकानं बाजार आलाच नाही. आम्ही दोघं मागे उभे होतो.

चार दिवसांनी सकाळी इंगोल्यांनी जुन्या फॉर्मांचा गठ्ठा उघडला. त्यातली हमालानं आणलेली पहिली तार काढली आणि माझ्यासमोर, उघड्या दिवसाउजेडी, पंचवीस घरं आखून ती सोडवली. आयुष्यात पहिल्यांदाच. दोन मिनिटंही लागली नाहीत. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. तेवीस घरांत अक्षरं होती, उरलेल्या दोन घरांत भरतीच्या फुल्या.

'श्री. सुमनले खाट भेटली का.'

मला कळायला वेळ लागला. शिवणकाम नव्हतं. इतकं लपवून खाट शोधायची ती त्या काळी एकाच दुखण्याला; पोरीला क्षय झाला होता. मामा मुंबईच्या दवाखान्यात तिला खाट मिळवायला खेटे घालत होता. पत्र गेलं-आलं तर चार हातांतून जाणार, साधी तार केली तर आम्ही तारवाले वाचणार आणि संध्याकाळच्या आत अकोलाभर होणार. त्या काळी क्षयाच्या घरचं पाणी कुणी पीत नसे, तिथली मुलगी करणं तर दूरच. म्हणून त्या गरिबानं हाताशी असलेलं एकच कुलूप वापरलं. शेठची किल्ली मेव्हण्याला दिली, ही चूक खरीच. पण शेठचं एक अक्षरही त्यानं कुणाला विकलं नव्हतं.

"जिनावर एक शब्द बोलला असता, त सुटला असता," इंगोले म्हणाले. "बोलला नाई. चोराची पोरगी खपते, पंत. खोकल्याची नाई खपत."

"त्यानं श्री तरी लिहायला नको होता," मी म्हणालो.

"पोरीसाठी लिहून राहिला होता. श्री थो कसा सोडीन?"

मग ते रडले. टेबलावर डोकं ठेवून, यंत्राचा आवाज चालू असताना. मी कधी पुरुषमाणसाला कचेरीत असं रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून मी त्यांच्या वाट्याच्या तारा घेत बसलो.

तेराव्याला मामा भेटला. इंगोल्यांनी त्याला गाठून एवढंच म्हटलं, की मी तार वाचली. मामा पांढराफटक पडला. "साहेब, कोनाले बोलू नका. माह्या बहिनीले तारेतलं कळलं, त नवऱ्याचं नाव धुवाले थे गावभर सांगत सुटीन. तीन पोरी हायेत." त्यानं इंगोल्यांच्या पायांना हात लावला. घरी येताना मी म्हटलं, निदान बाईंना सांगायला हवं, त्यांचा नवरा चोर नव्हता म्हणून.

"सांगतलं त पोरगी मरते, नाई सांगतलं त बाप मरते," इंगोले म्हणाले. "बाप त मेलाच हाये."

पुढल्या हंगामातही शेठचे बेत फुटतच राहिले. किल्ली बदलली, मुनीम बदलला, तरी फुटत राहिले. मुंबईच्या अडत्याकडचा कारकून विकत होता, असं शेवटी निघालं. किल्ली दोन्हीकडे तीच असते, आणि दुसऱ्या टोकालाही माणूस असतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेठ त्यावर एक चकार शब्द बोलले नाहीत. इंगोल्यांनी कुलपं ओळखणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, कान आणि डोळे थोडेच मिटता येतात! श्रीच्या अक्षरांनी सुरू होणारे गट आले की त्यांचा चेहरा बघवत नसे. आता लोकच त्यांना भ्यायचे. खिडकीपाशी ते बसले असले की माणसं दुसऱ्या खिडकीची रांग धरत, आणि कुणी मुद्दाम म्हणे, "तिथं नको, तो माणसं खाणारा आहे." ते ऐकून ते फक्त मान खाली घालत. मग मी बदली घेऊन अमरावतीला आलो. खोटं कशाला बोलू, पळून आलो.

सहा-सात वर्षांनी सुमनच्या लग्नाची पत्रिका आली. औषधं निघाली होती, पोरगी खडखडीत बरी झाली होती. नवरा मुलगा शाळामास्तर, लग्न अमरावतीलाच. अंत्ययात्रेला आलेली मोजकी माणसं केशवरावांच्या बाईंनी लक्षात ठेवली होती, म्हणून मला बोलावणं आणि इंगोल्यांनाही. ते सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून आले. पुरते पिकले होते. पंगतीत माझ्या शेजारी बसले.

समोरच्या ओळीत वराकडचे दोन म्हातारे भात कालवत बोलत होते. "पोरगी गुनाची हाये. पन बापानं मालकाचं गुपित इकलं होतं म्हनते. हिरीत जीव देल्ला." दुसरा म्हणाला, "जाऊ द्या, मेलेल्याचं कायले काढता." इंगोल्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हे बोलणार. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी घास पानात परत ठेवला.

तेवढ्यात आग्रह करत नवरानवरी आली. नवऱ्याच्या हातात जिलेब्यांची परात, आणि सुमन एकेकाच्या पानावर वाकून वाढते आहे. इंगोल्यांपुढे ती जरा जास्त वाकली. तिचं बोलणं मला ऐकू आलं ते केवळ मी शेजारी होतो म्हणून.

"काका, मी मुंबईले खाटेवर होती तवा मामा चौकोनी घरं आखून बाबाची तार मले वाचून दाखवे. मले वाटे, खेळ हाये. बाबा ज्या तारांपायी गेले, त्याच होत्या न थ्या?"

आजूबाजूला पंगतीचा गलका होता. मागे नवरा परात धरून हसत उभा होता, त्याला काही कळलं नव्हतं. इंगोल्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं.

सुमननं दोन जिलेब्या त्यांच्या पानावर ठेवल्या, पदर सावरला आणि माझ्यापुढे आली. "काका, तुमाले?" तिनं हसून विचारलं.

पंगत उठली. हात धुऊन मी परत आलो, तर दुसऱ्या पंगतीची माणसं मागे येऊन उभी राहिली होती आणि इंगोले अजून तिथेच. पानावरच्या दोन्ही जिलेब्या संपवून रिकाम्या पानाकडे बघत बसलेले. "उठा न भाऊ," कुणीतरी म्हणालं. ते उठले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. हा माणूस इतका हलका झाला असेल, असं मला वाटलं नव्हतं.